एकाहत्तर जोड चपला

"पाहुणे धरून सांगा हो!"

हिवरडोहच्या गल्लीबोळांत पंचवीस उन्हाळ्यांपूर्वी घुमलेली ही हाक. वामन पडोळ्यांची. मार्च लागला की ते हातगाडीवर पत्र्याचे कूलर लादून निघत आणि गिऱ्हाइकाच्या दारात उभं राहून पहिला प्रश्न हाच विचारत, घरात माणसं किती? समोरचा म्हणे, चार. "पाहुणे धरून सांगा हो! लेकी माहेराला येतील, मामा येईल, मामाची पोरं येतील. त्यांचा घाम काय अंगणात वाळत घालता?" लोक हसायचे. मग वामनराव उकिडवे बसून दाराशी पडलेल्या चपला मोजायचे. घरी आल्यावर बायकोला सांगायचे, "चार म्हणत होता, अन् चपला निघाल्या अकरा जोड. खोटं नाही बोलत गं कोणी. मोजताना माणूस घरच्यांना मोजतो, घरात असलेल्यांना नाही."

बायको ओसरीवर बसून कूलरच्या चौकटींत वाळा भरायची आणि गुणगुणायची :

वाळ्याच्या ताटीला पाणी घालते झारीनं,
ऊन परतून गेलं बाई, आल्या त्याच दारानं.

त्या वाळ्याच्या वासात वाढलेली त्यांची लेक तेजल आता चौतीस वर्षांची होती. ती कूलर विकत नव्हती. ती इमारतींचं ऊन मोजत होती. आणि या उन्हाळ्यात तिच्या गावचं ऊन कुठल्याच दारानं परतून गेलं नव्हतं.

सोमवारी सकाळी किरपान सरांनी तिला नागपूरच्या ऑफिसात आपल्या केबिनमध्ये बोलावलं आणि समोरचा पडदा तिच्याकडे वळवला.

"हिवरडोह स्त्री रुग्णालय. प्रसूतिपश्चात वॉर्ड. पुढच्या सोमवारी चौकशी आहे. तज्ज्ञ म्हणून आपल्याला बोलावलंय, म्हणजे तुला. डिझाइन तुझं आहे, गावही तुझं."

पडद्यावर एक अहवाल होता. तो कुणा माणसानं लिहिला नव्हता. वॉर्डाच्या छायाघरानं आपला आपणच लिहिला होता. शेवटची ओळ ठळक होती : दोषाचे कारण, वापरकर्त्याचा हस्तक्षेप. हवेच्या दोन झडपांत कापड कोंबल्याचे आढळले.

छायाघर म्हणजे काय, हे आता शाळेतली पोरंही सांगतात. खऱ्या इमारतीची संगणकात उभी केलेली सावली. भिंत किती जाड, खिडकी कुठल्या दिशेला, गच्चीवर रंग कसला, हे तिच्यात भरायचं आणि मग तिच्यावरून वर्षभराचा सूर्य फिरवायचा, तासातासानं, आठ हजार सातशे साठ तास. दुपारी दोनला स्लॅबवर पडलेलं ऊन झिरपत झिरपत आत पोचतं ते दिवेलागणीला. त्या उशिराचाही हिशोब सावलीला येतो. आत दिवे जळतात, यंत्रं चालतात, माणसं बसतात. शांत बसलेला एक माणूस जुन्या काळच्या शंभर वॅटच्या बल्बएवढी उष्णता सोडतो. शिवाय त्याला श्वासाला ताजी हवा लागते, आणि वैशाखात ती सेहेचाळीस अंशांवरच आत येते. सगळ्याची बेरीज होते आणि एक आकडा निघतो, एवढ्या टनाचं थंडाव्याचं यंत्र लावा. टन हे माप बर्फाच्या जमान्यातलं. एक टन बर्फ दिवसभरात वितळताना जेवढी उष्णता गिळतो, तेवढी एक टनाच्या यंत्राची भूक.

यंत्र मोठंच लावलं तर काय बिघडतं, असं कुणी विचारील. बिघडतं. ढगळ यंत्र खोली चटकन गार करून थांबतं, हवेतली ओल काढायला त्याला सवड मिळत नाही, आणि सुरू-बंद, सुरू-बंद करताना वीज मात्र भरपूर खातं. तोकडं यंत्र दिवसभर धापा टाकतं आणि कधीच पुरं पडत नाही. म्हणून माप घ्यायचं, शिंप्यानं घ्यावं तसं. इथवर सगळं शहाणपणाचंच होतं.

पुढचं शहाणपण सरकारचं. एकामागून एक तीन उन्हाळे विजेचं जाळं कोसळलं, तेव्हा शीतवाटप कायदा आला. उष्णलाटेत प्रत्येक सार्वजनिक इमारतीला तिच्या छायाघरानं सांगितलं तेवढीच थंडाव्याची वीज. एक युनिट जास्त नाही. वॉर्डात घरचा कूलर आणून लावला तर तो बोर्ड आपोआप बंद. आधी सावली इमारतीसारखी असायला हवी होती. आता इमारतीनं सावलीसारखं वागायचं होतं.

"बाळ गेलं ना एक?" तेजलनं विचारलं.

"चार दिवसांची मुलगी. उष्माघात. आणखी तिघं तापानं फणफणली, पण वाचली." सरांनी चष्मा काढून पुसला. "वाईटच झालं. पण त्या बायकांनी झडपा बोळ्यांनी बंद केल्या, त्याला यंत्र काय करणार? इन्चार्ज सिस्टर निलंबित आहे, आणि एका नातेवाईक बाईवर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झालाय. तू फक्त सिम्युलेशन चालवून दाखव, कापड असताना किती, नसताना किती. दहा मिनिटांची साक्ष."

किरपान सरांनीच तिला हे काम शिकवलं होतं. वडील गेले तेव्हा तिरडीला खांदा द्यायला आलेले ऑफिसातले एकटे तेच. तिनं मान डोलावली. पण खुर्चीतून उठताना तिला आठवलं. तीन वर्षांपूर्वीची एक दुपार. छायाघरात माणसांची संख्या भरायचा एक चौकोन. चौकोनातला एक आकडा.

मंगळवारी ती हिवरडोहला गेली. रुग्णालय अजून नवंकोरं दिसत होतं. पांढरी गच्ची, खिडक्यांवर खोल सज्जे, पश्चिमेला एकही खिडकी नाही. सगळं तिनंच मापून दिलेलं. उद्घाटनाला गावानं तिला शाल घातली होती.

वॉर्डाच्या दाराशी निलंबित गजघाटे सिस्टर उभ्या होत्या, साध्या साडीत. आत जायची त्यांना परवानगी नव्हती, पण रोज ड्युटीच्या वेळेला येऊन त्या बाहेरच्या बाकावर बसत.

"तुम्ही सिम्युलेशनवाल्या मॅडम का?" सिस्टरांनी विचारलं. "या. पाहा तुमचं गार गार नंदनवन. त्या दिवशी मी हेल्पलाइनला नऊ वेळा फोन केला. आत छत्तीस अंश, अन् फोनवरची बाई गोड आवाजात म्हणते, 'आपल्या वॉर्डात चोवीस व्यक्ती आहेत, आपली गरज पूर्ण होत आहे.' मी म्हटलं, माय, इथं पाय ठेवायला जागा नाही! तर पुन्हा तेच. नवव्या वेळेला ती मशीन आहे हे माहीत असूनही मी तिला शिव्या दिल्या. तेही रेकॉर्ड झालं. निलंबनाच्या पत्रात ते आहे, 'असभ्य भाषा'. बाळ गेल्याचं दुसऱ्या परिच्छेदात आहे."

 तेजलची नजर दाराच्या बाजूला गेली होती.

चपला. भिंतीकडेनं, पायरीवर, पायरीच्या खाली, एकावर एक. रबरी, प्लास्टिकच्या, टाचा झिजलेल्या, एक कोल्हापुरी, एक पुरुषी बूट. ती कधी खाली बसली ते तिला कळलंच नाही. उकिडवी बसून ती बोटानं मोजायला लागली.

"काय हरवलं?" सिस्टर म्हणाल्या.

"एकाहत्तर," तेजल म्हणाली. "एकाहत्तर जोड."

"रोज एवढ्याच असतात. बाळंतिणीजवळ आई नको? सासू नको? पहिलटकरणीजवळ तर तिघी तिघी. भिंतीवर पाटी आहे, रुग्णाजवळ कोणीही थांबू नये. पाटी लावणाऱ्याच्या घरी कोणी बाळंत झालं नसंल कधी. दोन नर्सांवर चोवीस बाळंतिणी अन् चोवीस बाळं, मॅडम. त्या म्हाताऱ्या नसत्या तर लंगोटं कोणी बदलली असती, तुमच्या संगणकानं?"

पायऱ्यांवर एक साठीची बाई बसली होती. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत दुमडलेलं टोपडं. तिनं मान वर केली.

"तू वामन कूलरवाल्याची पोट्टी नाई का? नाक तसंच हाय."

तेजल तिच्याजवळ गेली.

"माह्या लहान बहिणीच्या लग्नात त्यानंच कूलर लावले होते. चपला मोजून." बाई किंचित हसली, आणि ते हसू जागीच विझलं. "मी कौतिका. गेलेल्या पोरीची माय सारिका, तिची मावशी. तिले माय नाई, म्हणून मीच आलती बाळंतपणाले. माह्यावरच केस केली ना त्याइनं."

"मावशी, तुम्ही झडपेत कापड का घातलं?"

"अवं, झडप बरोब्बर तिच्या खाटेवर. फुस्स फुस्स करून वारा फेकत होती दिवसरात. बाकी वॉर्ड भट्टीवानी अन् तिच्या डोक्यावर तेवढा वारा. वल्ल्या बाळंतिणीले वारा लागू द्यावं का? मी माह्या लुगड्याचा तुकडा खोसला. शेजारचीनं पाहून तिच्याबी वरती खोसला. गरमी वाढली तं मीच काढलाबी तो, दुपारच्याले. पण त्याइच्या आधीच्या फोटोत खोसलेलाच हाय." ती पिशवीवर हात फिरवत राहिली. "पोलीस म्हणते, मावशी, तुमच्या अडाणीपणानं पोरगी गेली. मी रोज इचारते सोताले. खरंच का वं माय? तू शिकेल हायस. तू सांग मले. माह्या हातानं गेली का?"

तेजलला उत्तर माहीत होतं. अजून एकही सिम्युलेशन न चालवता माहीत होतं. 

"तपासून सांगते, मावशी," ती म्हणाली.

"सांग बाई. पाचवीबी पुजली नाई पोरीची. पाटावर कोरा कागद अन् पेन ठेवाचा होता, सटवाई येऊन कपाळी लिवते ना. सटवाई यायच्या आधीच गेली पोरगी. म्हंजे तिच्या नशिबात कोणी काहीच लिवलं नव्हतं. मंग मेली कशी?"

परतीच्या बसमध्ये तेजलच्या कानात तो प्रश्न गाडीच्या धक्क्यांबरोबर आदळत राहिला. लिहिलं होतं, मावशी. पोरीच्या जन्माआधी तीन वर्षं लिहून ठेवलं होतं. सटवाईनं नव्हे. एका पगारी बाईनं, गार खोलीत बसून, एका चौकोनात.

बुधवारी दुपारी तिनं छायाघर उघडलं. चौकोनात चोवीस माणसं ठेवली, झडपा मोकळ्या : वॉर्ड सव्वीस अंश. चोवीस माणसं, दोन झडपांत कापड : सत्तावीस. म्हणजे कापडाचा दोष एक अंश. मग तिनं चोवीस पुसून एकाहत्तर लिहिलं, सतत उघडमीट होणारं दार धरलं, झडपा मोकळ्या ठेवल्या आणि त्या दिवसाचा सूर्य पुन्हा फिरवला. आलेख चढत गेला. सत्तावीस, तीस, तेहेतीस. दुपारी चारला छत्तीसाला जाऊन तो टेकला. कापड घालून पाहिलं : साडेछत्तीस.

अर्धा अंश. लुगड्याच्या तुकड्याचा एवढाच गुन्हा. उरलेले दहा अंश चौकोनातले.

तिनं जुनं कपाट उघडावं तशी तीन वर्षांपूर्वीची पहिली फाइल उघडली. ती तिनं पुसली नव्हती. का पुसली नव्हती, हे स्वतःला कधी विचारलंही नव्हतं. त्या फाइलीत चौकोनात बहात्तर होतं. एका खाटेला एक रुग्ण आणि दोन पाहुणे. यंत्र निघालं होतं अकरा टनांचं. बसवलं गेलं साडेसहाचं.

किरपान सर मागे येऊन उभे होते.

"मला वाटलंच होतं, तू इथवर जाशील," ते शांतपणे म्हणाले.

"सर, तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, बहात्तर मंजूर होणार नाही."

"झालंच नसतं. प्रमाणकात एका खाटेला एक माणूस आहे. नातेवाईक वॉर्डात राहत नाहीत, असं नियम म्हणतो. मी नियम मोडायला हवा होता? रुग्णालय दोन वर्षं रखडलं असतं, तेजल. तुझ्याच गावचं. आधी त्या बायका पत्र्याच्या शेडमध्ये बाळंत होत होत्या, विसरलीस?"

"नियम म्हणतो ती माणसं नाहीत. पण ती आहेत! सासू आहे, मावशी आहे, त्यांना घाम येतो, त्या श्वास घेतात. आपण त्यांना कागदावरून घालवलं आणि मग त्यांच्याच अंगावर गुन्हा घातला. यंत्र तोकडं पडलं तेव्हा त्या नव्हत्याच, आणि दोष द्यायच्या वेळी बरोब्बर सापडल्या!"

तिचा आवाज इतका चढला की बाहेरच्या टेबलांवरची बोटं थांबली. सरांनी दार लोटून घेतलं.

"ऐक. याच चौकोनावर आपण एकशे बारा वॉर्ड मापलेत. सोमवारी तू बहात्तरचं नाव काढलंस, तर सगळे उघडे पडतील. परवाना जाईल. तुझाही. आकडा तुझ्या लॉगिननं बदललाय, माझ्या नाही. मी फक्त बोललो होतो. कुठे लिहिलेलं नाही." ते थांबले. पुढचं बोलताना त्यांचा आवाज खरोखरच मऊ झाला, आणि तेच तिला सहन होईना. "सिस्टरला फार तर बदली मिळेल. त्या बाईला कुणी तुरुंगात टाकत नाही. कापडाचा एक अंश खरा आहे ना? तेवढंच सांग. खोटं बोलू नकोस. फक्त विचारलं तेवढंच सांग."

एकशे बारा.  वैशाख अजून निम्मा बाकी होता. एकशे बारा दारांशी या घटकेला चपला पडलेल्या असतील, आणि एकशे बारा ठिकाणी तीच गोड बाई फोनवर सांगत असेल, आपली गरज पूर्ण होत आहे.

सोमवारी तहसील कार्यालयाच्या सभागृहात चौकशी भरली. सभागृह चाळीस माणसांसाठी मापलेलं होतं, आत होती जेमतेम पंधरा. यंत्र घटकाभर चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. चौकशी अधिकारी उमाटे बाईंनी अंगावर शाल घेतली होती. शाल! 

मागच्या रांगेत कौतिका मावशी बसल्या होत्या. चपला दाराशी काढून आलेल्या त्या एकट्याच. पलीकडे गजघाटे सिस्टर, ताठ. किरपान सर पहिल्या रांगेत, तिच्याकडे बघून हलकेच मान हलवणारे.

तेजलनं पडद्यावर आलेख दाखवला. उमाटे बाईंनी विचारलं, "झडपा मोकळ्या असताना किती?"

"सव्वीस."

"कापड घातल्यावर?"

"सत्तावीस."

"म्हणजे कापडामुळे तापमान वाढलं, हे सिद्ध होतं."

"एक अंश वाढलं."

"वाढलं ना? बस." बाईंनी लेखनिकाकडे पाहिलं. "नोंद घ्या. नातेवाइकाच्या कृत्यामुळे—"

"मॅडम, त्या दिवशी वॉर्डात छत्तीस अंश होते. वरच्या नऊ अंशांचं काय?"

"तो आजचा विषय नाही. आपल्याला विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्या, पडोळे मॅडम."

मागून कौतिका मावशींचा आवाज आला, हळू, कुणाला उद्देशून नव्हे. "म्हंजे माह्या हातानंच गेली."

"शांतता राखा," लेखनिक म्हणाला.

यंत्र थांबलं. सभागृहात एकदम इतकं शांत झालं की दाराबाहेरचा रस्ता ऐकू येऊ लागला. आणि त्या शांततेत, पंचवीस उन्हाळ्यांपलीकडून, हातगाडी उभी करून कुणीतरी विचारलं. तेजलला ते इतकं स्पष्ट ऐकू आलं की तिनं वळून दाराकडे पाहिलं. दाराशी एकच जोड होता. रबरी, उजव्या पायाचा अंगठा सेफ्टी पिनेनं अडकवलेला.

ती उठून उभी राहिली.

"मावशी, तुमच्या हातानं नाही गेली."

"पडोळे मॅडम, साक्ष मला उद्देशून द्या," उमाटे बाई म्हणाल्या.

"आधी त्यांना. त्यांनी मला विचारलं होतं, आणि मला माहीत असून मी तपासून सांगते म्हणाले." तिनं जुनी फाइल पडद्यावर उघडली. किरपान सर अर्धे उठले आणि तसेच खाली बसले. "वॉर्डाच्या दाराशी मी एकाहत्तर जोड चपला मोजल्या. छायाघराला चोवीस माणसं माहीत आहेत. कापड काढलं तरी पस्तीसच्या वरच जात होतं, तुम्ही आत्ता चालवून बघा. अशी एकशे बारा छायाघरं आहेत, ती आजच्या आज उघडा. हा बघा पहिला आकडा. पाहुणे धरून बहात्तर. बरोबर होता. तो मी लिहिला होता, मॅडम, आणि खोडला तोही मीच."